इलेक्ट्रोलिसिसचे वेळापत्रक : घाई नको, खंडही नको

चेहऱ्यावरील नको असलेले केस हा विषय आपल्या घरांतून आजही दबक्या आवाजात बोलला जातो. मुलीला पाहण्याचा कार्यक्रम जवळ आला की आईची धावपळ सुरू होते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, नाना प्रकारची मलमे करून झाली की कोणीतरी इलेक्ट्रोलिसिसचे नाव सुचविते. मग पहिला प्रश्न असतो खर्चाचा आणि दुसरा 'लग्नापूर्वी सगळे पूर्ण होईल ना?' हा. वास्तविक त्याआधी विचारावयास हवा असा प्रश्न निराळाच आहे : या उपचाराच्या भेटी किती दिवसांच्या अंतराने घ्याव्यात आणि ते अंतर कशावरून ठरते? याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कित्येक जणी उपचार अर्ध्यावर सोडतात, पैसा व वेळ दोन्ही गमावतात आणि 'आपल्याला गुण येणारच नाही' अशी खंत विनाकारण मनात बाळगतात.

पद्धत जुनी, पण खात्रीची

ही पद्धत नवी नाही. 1875 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी, आत वळून डोळ्याला टोचणारे पापणीचे केस काढण्यासाठी तिचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. अतिशय बारीक सुई केसाच्या छिद्रातून मुळापर्यंत नेली जाते आणि विजेच्या सौम्य प्रवाहाने ते मूळ निकामी केले जाते. एका प्रकारात प्रवाहामुळे तेथील क्षार व पाणी यांपासून दाहक द्रव्य तयार होते, दुसऱ्यात उष्णता निर्माण होते, तर तिसऱ्यात दोहोंचा मिलाफ असतो. प्रकार कोणताही असो, काम एकेका केसावरच करावे लागते.

अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेसरला केसांची 'कायमस्वरूपी घट' करणारे साधन म्हणते, तर 'कायमस्वरूपी निर्मूलन' हा शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी वापरते. लेसरचा किरण केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. इलेक्ट्रोलिसिसला मात्र रंगाचे बंधन नाही. रजोनिवृत्तीनंतर हनुवटीवर पांढरे राठ केस येणाऱ्या भगिनींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अंतर ठरविते केसांचे चक्र

प्रत्येक केसाच्या तीन अवस्था असतात : वाढीची, संक्रमणाची आणि विश्रांतीची. वाढीच्या अवस्थेत केस आपल्या मुळाशी घट्ट जोडलेला असतो आणि तेथील रक्तवाहिन्यांतून त्याचे पोषण होते. त्याच वेळी दिलेला प्रवाह मुळावर नेमका परिणाम करतो. विश्रांतीच्या अवस्थेत केस मुळापासून सुटलेला असतो. तो निघतो सहज, परंतु मूळ शाबूत राहिल्यास त्या जागी पुन्हा केस येण्याचा संभव असतो.

शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात. आज जे दिसतात ते काढले, तरी त्वचेखाली दडलेले आणखी काही आठवड्यांनी वर येणारच. चार भेटींनंतर केस दिसू लागले म्हणजे काढलेलेच परत आले असे नव्हे. त्यांतील बरेचसे प्रथमच वर आलेले असतात. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने नेमक्या याच टप्प्यावर 'ही फसवणूक आहे' असे म्हणून मुलीचा उपचार थांबविला. दोन वर्षांनी तिला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

भेटींचा आराखडा

वरचा ओठ व हनुवटी येथे आरंभी साधारणतः आठवड्याने किंवा पंधरवड्याने भेट घेतली जाते. केस विरळ होऊ लागले की अंतर तीन ते चार आठवडे आणि शेवटी सहा ते आठ आठवडे होते. हात-पायांचे केस सावकाश वर येतात, म्हणून तेथे भेटींतील अंतर अधिक ठेवले जाते. चेहऱ्याचा उपचार पूर्ण होण्यास एक ते दीड वर्ष लागणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे.

हिशेबाची सवय असल्यामुळे एक नमुना मांडते. समजा, पहिले तीन महिने दर आठवड्याला अर्धा तास, म्हणजे 13 भेटींत साडेसहा तास. पुढील तीन महिने पंधरवड्याने 20 मिनिटे, म्हणजे 6 भेटींत दोन तास. त्यानंतरचे सहा महिने महिन्यातून एकदा 15 मिनिटे, म्हणजे 6 भेटींत दीड तास. एकूण 25 भेटी व 10 तास. त्यांतील 65 टक्के वेळ पहिल्या तिमाहीतच जातो. प्रत्येकीचे आकडे निराळे असतील, पण उतरता क्रम हाच असतो. म्हणून भेटींची संख्या न मोजता प्रत्येक भेटीस लागलेली मिनिटे वहीत लिहावीत. ती कमी होत असतील तर उपचार योग्य मार्गावर आहे.

आठवड्याने जायचे म्हणजे त्याच बिंदूवर पुन्हा सुई टोचायची असे मात्र नाही. जागा लाल असेल वा खपली धरलेली असेल, तर ती बरी होईपर्यंत तेथे हात लावू नये. दाट केस असल्यास एका आठवड्यात हनुवटीची डावी बाजू व पुढच्या आठवड्यात उजवी, असा क्रम ठेवता येतो.

दोन भेटींच्या मधले दिवस

या काळात थ्रेडिंग, वॅक्सिंग वा चिमटा वर्ज्य मानावा. केस उपटला की सुईला मार्ग दाखविणारा धागाच नाहीसा होतो आणि तो पुन्हा वर येईपर्यंत कित्येक आठवडे वाया जातात. लहान कात्रीने केस कापावेत किंवा ब्लेड वापरावे. ब्लेडने केस जाड होतात ही समजूत खरी नाही; टोक बोथट झाल्याने ते केवळ राठ भासतात. उपचारानंतर एक-दोन दिवस सौंदर्यप्रसाधने टाळावीत, उन्हापासून जपावे आणि खपली नखाने काढू नये. आपल्याकडील सावळ्या-गव्हाळ त्वचेवर डाग राहण्याची शक्यता अधिक असते.

लग्नाची तारीख आणि डॉक्टर

साखरपुडा ते लग्न यांत चार-सहा महिन्यांचेच अंतर असते. तेवढ्या काळात केस बरेच विरळ होतील, परंतु उपचार संपेलच असे नाही. लग्नापूर्वीची शेवटची भेट दोन-तीन आठवडे आधी घ्यावी, म्हणजे हळदीच्या दिवशी त्वचा शांत असेल. लग्नानंतर उपचार तसाच पुढे चालू ठेवावा. त्यात सासरी लपविण्यासारखे काही नाही.

पाळी अनियमित असेल, मुरुमे येत असतील वा केस अचानक वाढू लागले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. पीसीओएससारख्या विकारात संप्रेरकांमुळे कोवळी लव राठ केसांत बदलत राहते. एकीकडे जुनी मुळे नष्ट करावीत आणि दुसरीकडे नवे केस येत राहावेत, अशा वेळी कोणतेही वेळापत्रक पुरे पडत नाही. औषधांचा परिणाम केसांवर दिसण्यास साधारण सहा महिने लागतात; तोवर धीर धरावा. पेसमेकर बसविलेल्या, गर्भवती वा जखमेचा व्रण उंचावून वाढणाऱ्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या संमतीखेरीज हा उपचार घेऊ नये.

पहिल्या भेटीपूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई वापरली जाते काय, आकारणी मिनिटांवर आहे की भेटींवर, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या तारखा आजच लिहून मिळतील काय. त्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर नोंदवाव्यात आणि मुलीबरोबर आईनेही त्या पाळाव्यात.