बुद्धिबळाचा पट आणि पेनड्राइव्ह



स्नेहसंमेलनाचें चित्रीकरण दोनतीन तासांचें असलें कीं त्याची फाईल सहज पांचसहा गीगाबाइटांची होते. ती नेण्यासाठीं एखादे पालक ३२ गीगाबाइटांचा कोरा पेनड्राइव्ह आणतात, आणि संगणक “फाईल फार मोठी आहे” असें सांगून ती नाकारतो. जागा मुबलक असतां हा नकार कां?

पेनड्राइव्हवर माहिती कशी मांडावी व तिची नोंद कशी ठेवावी, ह्याची एक पद्धति ठरलेली असते. तिला फाईल सिस्टिम म्हणतात. तलाठ्याच्या वहींत रकाना चारच आंकड्यांचा असेल, तर ९,९९९ च्या पुढील संख्या तींत मावणार नाहीं, मग शेत कितीहि मोठें असो. १९९६ सालीं आलेल्या फॅट-३२ पद्धतींत फाईलचें आकारमान लिहिण्यास ३२ अंकांचा रकाना आहे, आणि संगणकाचे अंक ० व १ हे दोनच. बुद्धिबळाच्या पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दाणे मागणाऱ्या पंडिताची कथा आपणांस ठाऊक आहेच. अर्ध्या पटावरील ३२ घरांतील दाण्यांची बेरीज ४,२९,४९,६७,२९५ होते. फॅट-३२ मधील सर्वांत मोठी फाईलहि नेमकी तितक्याच बाइटांची, म्हणजे चार गीगाबाइटांस एक बाइट कमी, असते!

२००६ सालीं आलेल्या एक्सफॅट पद्धतींत हा रकाना ६४ अंकांचा, म्हणजे संबंध पटाचा, झाला. १९९३ पासूनच्या एनटीएफएस पद्धतींतहि ही अडचण नाहीं. मग सर्वांनीं फॅट-३२ टाकून द्यावी काय? तसेंहि नव्हे. जुनीं गाणीं वाजविणारीं यंत्रें व दूरदर्शन संच पुष्कळदां तीच ओळखतात. आणि एनटीएफएसवर मॅक संगणक सहसा वाचूं शकतो, लिहूं शकत नाहीं. शिवाय प्रत्येक पद्धति जागा ठराविक कप्प्यांनींच देते. ३२ गीगाबाइटांपर्यंतच्या पेनड्राइव्हवर एक्सफॅटचा कप्पा बहुधा ३२ किलोबाइटांचा असतो. तेव्हां एक किलोबाइटाची चिठ्ठीहि तेवढा कप्पा अडविते. हिंगणघाटाहून कापसाची एकच गाठ धाडण्यास अख्खी वाघीण गुंतवावी, तसेंच हें.

म्हणून मोठीं चित्रणें न्यावयाचीं असल्यास एक्सफॅट, जुन्या यंत्रासाठीं फॅट-३२, व केवळ विंडोजच्या संगणकास कायम जोडलेल्या डिस्कसाठीं एनटीएफएस निवडावी. मात्र पद्धति बदलण्यासाठीं फॉरमॅट केलें कीं आंतील सर्व माहिती जाते. वडिलांचे जमिनीचे कागद, आजीचीं छायाचित्रें, जें कांहीं त्यांत असेल, तें आधीं दुसरीकडे उतरवून, उघडून पाहून, मगच पुढें जावें. मर्यादा आधीं जाणणें हेंच शहाणपण. ती ऐन वेळीं कळली तर उपाय सुचण्यापूर्वीं हानि होऊन जाते.