गोव्यांतील इ. स. १८३५ चें बंड : त्याचीं कारणें व परिणाम

मराठी कागदपत्रांत ‘बंड’ हा शब्द आला म्हणजे बंडवाला दुर्बळ व सरकार प्रबळ, असें आपण सहजच गृहीत धरतों. उमाजी नाईकाचें बंड किंवा सत्तरींतील दीपाजी राण्याचें इ. स. १८५२ चें बंड हीं या समजुतीस साजेशींच आहेत. परंतु परकीय सत्तेबरोबर येऊन देशांत वसलेला वर्गही, आपला मक्ता जाऊं लागला म्हणजे, त्याच सत्तेच्या हुकुमाविरुद्ध शस्त्र उचलतो. आपल्या मुलखाच्या लगतचें याचें ठळक उदाहरण म्हणजे गोव्यांतील इ. स. १८३५ चा लष्करी उठाव होय. त्याचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम बंड करणारे कोण तें पाहूं. पोर्तुगीज रक्ताचीं जीं कुळें गोव्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं, त्यांस ‘देसेंदेंत’, म्हणजे वंशज, म्हणत. मिश्रवंशीयांस ‘मेस्तीस’ अशी संज्ञा होती. व्यवहारांत हीं दोन्ही नांवें पुष्कळदां एकमेकांबद्दल योजिलेलीं आढळतात. संख्येनें हा वर्ग अत्यल्प होता. गांवच्या जमिनीवर गांवकऱ्यांचा, म्हणजे एतद्देशीय कुळांचा, पुरातन हक्क. समुद्रव्यापाराची जुनी भरभराट तर केव्हांच ओसरलेली. अशा स्थितींत उपजीविका व प्रतिष्ठा या दोहोंसाठीं त्यांस लष्कर हाच आधार उरला. फौजेंतील अंमलदारी हें जणूं त्यांचें वतनच होऊन बसलें. उलटपक्षीं एतद्देशीय ख्रिस्ती समाजांतून पाद्री, वैद्य व वकील असे विद्यासंपन्न पुरुष निपजत होते; परंतु वरिष्ठ अधिकाराचीं दारें त्यांस बंद होतीं.

कायद्यानें हीं दारें बंद नव्हतीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इ. स. १७६१ मध्यें पोंबाल याच्या कारकीर्दींत निघालेल्या राजाज्ञेनें पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजाजनांस जन्मानें पोर्तुगीज असलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले होते. ती आज्ञा बव्हंशीं कागदावरच राहिली. त्या असंतोषांतून इ. स. १७८७ चा पिंटोंचा कट उद्भवला व त्यापायीं १५ जणांस देहांत शिक्षा झाली. पुढें इ. स. १८२० मध्यें पोर्तुगालांत राज्यक्रांति होऊन सनदशीर राज्यपद्धतीचा पुरस्कार झाला. तिचे पडसाद गोव्यांत उमटून १८२१ च्या सप्टेंबरांत व्हाइसरॉय पदच्युत झाला, आणि लिस्बन येथील लोकसभेवर गोव्याचे प्रतिनिधी निवडले गेले.

त्या प्रतिनिधींपैकीं एक बेर्नार्दो पेरेस द सिल्वा. याचा जन्म इ. स. १७७५ मध्यें तिसवाडींतील नेवरें या गांवीं झाला. पेशानें तो वैद्य. दों मिगेल यानें इ. स. १८२८ मध्यें राज्य बळकाविल्यावर त्यास परागंदा व्हावें लागलें. यादवी युद्धांत सनदशीर पक्षाचा जय होतांच, १८३४ मध्यें, त्याची गोव्याचा ‘प्रेफैत’, म्हणजे मुलकी प्रमुख, म्हणून नेमणूक झाली. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या सर्वोच्च पदीं बसलेला एतद्देशीय पुरुष हा एकच होय.

१४ जानेवारी १८३५ रोजीं त्यानें अधिकार हातीं घेतला आणि नव्या कायद्याप्रमाणें राज्ययंत्राची पुनर्घटना आरंभिली. १ फेब्रुवारीस फौज उठली! अवघ्या १८ दिवसांत हा प्रयोग संपुष्टांत आला. पेरेस द सिल्वा यास कैद करून जहाजावर चढविण्यांत आलें. तो मुंबईस उतरला.

आमच्या मतें या बंडाचीं कारणें तीन आहेत. पहिलें, वंशाभिमान : ज्यास आजवर हुकूम करावयाचा त्याचाच हुकूम मानण्याची वेळ आली. दुसरें, पोटाचें : जुनीं पदें मोडल्यास वेतनावर जगणाऱ्या कुळांस दुसरा आश्रय नव्हता. तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, तें राज्यव्यवस्थेंतील दोषाचें. लिस्बन सरकारनें नव्या अधिकाऱ्यास सनद दिली, पण स्वतःच्या विश्वासाची फौज दिली नाहीं. ज्यांचे हक्क कमी करावयाचे त्यांच्याच हातीं तरवार राहूं दिली. बंडवाले राजनिष्ठेची भाषा बोलले, तरी त्यांनीं मोडली ती राजाचीच आज्ञा.

तात्कालिक परिणाम घोर झाले. मुंबईंतील धनाढ्य गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया यानें पदच्युत प्रेफैताच्या साह्यार्थ एक आरमारी मोहीम उभारली. ती पावसाळ्याच्या तोंडीं वादळांत सांपडून फसली. इकडे मे महिन्यांत पणजीनजीकच्या गास्पार दियश येथील किल्ल्यांत प्रेफैताच्या पक्षाच्या शिपायांची कत्तल झाली. तेरेखोलासही रक्तपात झाला. गोव्यांत हंगामी मंडळाचा कारभार इ. स. १८३७ पर्यंत चालला, तर दमण व दीव हीं ठाणीं तोंवर पेरेस द सिल्वा यासच मानीत होतीं. पुढें तो पुन्हां लिस्बनच्या लोकसभेवर निवडून गेला व इ. स. १८४४ मध्यें तेथेंच वारला. त्याचें पद त्यास परत मिळालें नाहीं.

दूरचा परिणाम मात्र बंडवाल्यांच्या अपेक्षेविरुद्ध झाला. सरकार उलथतां येतें, हा धडा फौज विसरली नाहीं, इ. स. १८४२ मध्यें तिनें आणखी एका गव्हर्नरास काढून लाविलें. अखेरीस १८७१ च्या लष्करी उठावानंतर लिस्बनहून सैन्य आलें आणि गोव्याची ती जुनी फौजच बरखास्त झाली. ज्या वतनाच्या रक्षणार्थ १८३५ त रक्त सांडलें, तें ३६ वर्षांत असें बुडालें.

आम्ही परळीकर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतों. आम्हांस हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. हैदराबाद राज्यांतील अरब जमादार चाकर म्हणून आले, सावकार झाले, आणि कर्जापोटीं तालुके दाबून बसले. त्यांस आवरण्यास १८५३ त दिवाण झालेल्या सालारजंगास किती सायास पडले, हें सर्वश्रुत आहे. धर्म व वंश भिन्न, रोग एकच.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. ‘क्रोनिका कोंस्तितुसियोनाल द गोवा’ हें गोव्याचें सरकारी पत्र १८३५ मध्येंच, हंगामी मंडळाच्या अमलांत निघूं लागलें; म्हणजे छापील साधनांत जेत्यांचा आवाज आधीं उमटला, आणि तोही ‘सनदशीर’ या नांवानें. पराभूत पक्षाची बाजू हस्तलिखितांत, खाजगी पत्रांत आणि मुंबईस निघालेल्या पोर्तुगीज पत्रांत शोधावी लागते. तेव्हां गोव्याकडील या सालचा एखादा मोडी वा पोर्तुगीज कागद हातीं आल्यास, व त्यांत ‘बंड’ हा शब्द दिसल्यास, नोंद करण्यापूर्वीं तो लिहिणारा कोणत्या पक्षाचा तें अवश्य पाहावें. तेवढें न पाहिल्यास आपल्या सूचींत हुकूम मोडणारा सरकार ठरेल आणि सनद घेऊन आलेला पुरुष बंडखोर.

परळी वैजनाथ