शस्त्रकर्माची योग्यता कुठे तपासायची?

विषय वैद्यकाचा आणि बोलणारे तत्त्वज्ञानाचे. तेव्हा शस्त्रक्रिया कशी करावी हे आम्ही सांगणार नाही. ती कुणाला शिकवावी हे कसं ठरवायचं, एवढाच प्रश्न घेऊ. पूर्णगडात बसून हा प्रश्न दूरचा वाटू नये. अपेंडिक्स दुखायला लागलं की इथला माणूस रत्नागिरी गाठतो. तिथं 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय देशभरच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे. म्हणजे शिकाऊ सर्जनचा हात आपल्याच पोटाला लागणार.

एम.एस.ची जागा मिळते ती नीट-पीजीच्या गुणांवर. 200 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय; बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. वरचा क्रमांक आला आणि मुलाने सर्जरी मागितली की झालं. त्याचा हात थरथरतो का, रक्त वाहू लागल्यावर डोकं ठिकाणावर राहतं का, चूक झाली तर ती तो सांगतो का, यातलं काहीच कुणी पाहिलेलं नसतं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 साली एक साधा भेद ठासून मांडला: एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. आपली परीक्षा पहिलं तपासते आणि दुसरं गृहीत धरते.

मग मुलाखत घ्या, असं कुणी म्हणेल. इथं घाई नको. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तोंडी परीक्षेला एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण होते. दोन-तीन मिनिटांत बापाचं नाव, गाव विचारून उमेदवाराला बाहेर काढलं, अशी तक्रार होती. 1980 च्या अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मनमानी ठरवलं आणि तोंडीला 15 टक्क्यांहून जास्त गुण नकोत असं बजावलं. लेखी परीक्षा आंधळी आहे खरी, पण आंधळी म्हणूनच ती आडनाव बघत नाही. डॉक्टरांच्या घरात न जन्मलेल्या मुलीला तिचाच आधार असतो. तो काढून घ्यायला आम्ही तयार नाही.

बरं, हातच तपासला तर? अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी एके काळी खडू कोरायला देत, कॅनडात साबण. दोन्हीकडे ते बंद झालं. टोरांटोच्या संशोधकांनी 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. आकार मनात फिरवून पाहण्याची क्षमता ज्या शिकाऊ सर्जनांत कमी होती, ते त्वचेच्या एका अवघड शस्त्रक्रियेत सुरुवातीला मागे पडले. पण जादा सराव आणि चुका दाखवणारा शिक्षक मिळाल्यावर त्यांनी बाकीच्यांना गाठलं. म्हणजे पहिल्या दिवशी हात तपासून ज्यांना घरी पाठवलं असतं, त्यांतले काही चांगले सर्जन झाले असते.

सुश्रुताला हे ठाऊक असावं. सर्जनला घाम फुटू नये, हात कापू नये, गोंधळ उडू नये, असे गुण तो सांगतो. पण सरावासाठी सबंध अध्याय देतो. कापायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. चिरायला पाण्याने भरलेली कातडी पिशवी. शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचा देठ. शिवायला जाड कापड. पट्ट्या बांधायला माणसाएवढा कापडी पुतळा. या सरावाला त्याचा शब्द आहे 'योग्या'. शास्त्र कितीही ऐकलेलं असो, योग्या न केलेला माणूस कामाला अयोग्यच, असं तो म्हणतो. आपण 'योग्यता' म्हणतो ती गुणपत्रिकेवर शोधतो. गंमत आहे की नाही!

इथल्या बागांत कोय कलम बांधणारे आहेत. कोवळ्या रोपाला चीर, फांदीला पाचरीचा आकार, वर प्लॅस्टिकची पट्टी. नवा पोरगा बांधायला बसवतात, आणि काही आठवड्यांत कलम जगलं की मेलं ते दिसतं. त्याला कुणी आधी पारखत नाही, पण नंतर पारखल्याशिवाय सोडतही नाहीत.

तर आमचं म्हणणं असं: दारावर लेखी परीक्षाच राहू दे. खरी पारख आत आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत व्हावी, नमुन्यांवर, ठरलेल्या कामांची यादी घेऊन. एकाच विभागप्रमुखाच्या मर्जीवर नको, नाहीतर श्रीनगरची मुलाखत मागच्या दाराने परत येईल. हातांचं तेवढं चित्रण करून, नाव न कळवता, दोन-तीन बाहेरच्या परीक्षकांना दाखवणं अवघड नाही. आणि बघायचं ते पहिल्या दिवसाचं कौशल्य नव्हे. सांगितलेली चूक पुढच्या वेळी सुधारली का, ते.

अडचण पुढे आहे. पारख झाली आणि एखाद्याला हे जमणार नाही असं निघालं, तर त्याने जायचं कुठे? जागा सोडली की अनेक राज्यांत जबर दंड. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना हा बंध काढायला सुचवलं, ते विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाकडे बघून. पण टेबलावरच्या रोग्याचाही त्यात तेवढाच संबंध आहे. दंडाच्या भीतीने तीन वर्षं रेटणारा मुलगा शेवटी एम.एस. होतोच. दुसऱ्या शाखेत जाण्याची सन्मानाची वाट आधी करावी लागेल. तोवर कुठलाही शिक्षक 'तुला हे जमत नाही' असं लिहून द्यायला धजणार नाही.