ऑक्सबरोच्या फळ्यांखाली

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबरो हॉलच्या छताची दुरुस्ती सुरू होती. माळ्यावरच्या फळ्या उचलल्या, तेव्हा खाली उंदरांची जुनी घरटी निघाली. त्यांत ट्यूडर काळातल्या उंची वस्त्रांच्या चिंध्या होत्या. शिवाय पंधराव्या शतकातल्या हस्तलिखित स्तोत्रांचं सोनेरी नक्षीचं पान आणि १५६८ सालचं छापील प्रार्थनापुस्तकही सापडलं. हे सारं २०२० मध्ये जगासमोर आलं.

हा वाडा बेडिंगफील्ड या कॅथलिक घराण्याचा. १४८२ मध्ये राजाची परवानगी मिळवून सर एडमंड यांनी खंदकाने वेढलेला लाल विटांचा वाडा उभारला. पाचच वर्षांत राजा सातवा हेन्री इथे पाहुणा म्हणून आला.

पुढे धर्मामुळे फासे उलटे पडले. कॅथलिक राणी मेरीने १५५४ मध्ये सावत्र बहीण एलिझाबेथला वुडस्टॉकला नजरकैदेत ठेवलं, तेव्हा पहाऱ्याची जबाबदारी सर हेन्री बेडिंगफील्ड यांच्याकडे होती. चार वर्षांनी तीच एलिझाबेथ गादीवर बसली आणि देश पुन्हा प्रोटेस्टंट झाला.

कायदे कडक होत गेले. १५८१ पासून सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्यांना महिन्याला २० पौंड दंड होता. १५८५ नंतर परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक पाद्रीने इंग्लंडात राहणं हाच राजद्रोह ठरला. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच काळातले इंग्रज कॅथलिक. ते रोममध्ये जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचले.

जे पाद्री मायदेशी परतले, त्यांना अशाच वाड्यांनी लपवलं. ऑक्सबरोच्या दरवाज्यावरच्या मनोऱ्यात आजही अशी एक चोरखोली आहे. जमिनीचाच एक तुकडा दाबला की कलतो आणि खालची अरुंद पोकळी उघडते. झडतीला आलेल्या शिपायांना ती सहज दिसू नये, अशी बेमालूम रचना आहे.

१८२९ च्या कायद्याने कॅथलिकांवरची बहुतेक बंधनं उठली. त्यानंतर बेडिंगफील्डांनी आवारात उघडपणे चॅपल बांधलं.

विसाव्या शतकात मात्र संकट पैशाचं होतं. १९५१ मध्ये वाडा विकला गेला आणि तो पाडला जाण्याची वेळ आली. तेव्हा लेडी सिबिल बेडिंगफील्ड, त्यांची मुलगी आणि भाची या तिघींनी स्वतःची घरं विकून तो परत मिळवला आणि १९५२ मध्ये वारसा जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन केला. या तिघी नसत्या, तर फळ्यांखालचा तो ठेवाही वाड्याबरोबर मातीत गेला असता.