उंची जीवावर उठते तेव्हा

एप्रिल १९४२च्या अखेरीस जपानी सैन्यानं लाशिओ घेतलं आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारी रसदीची सडक तुटली. उरलं आकाश. आसाममधल्या चबुआ, दिनजान, जोरहाटच्या धावपट्ट्यांवरून निघायचं आणि हिमालयाच्या पूर्व टोकाच्या डोंगररांगा ओलांडून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरायचं. अमेरिकी वैमानिक या मार्गाला ‘हम्प’ म्हणत. १९४५पर्यंत त्यावरून साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला. त्यापायी सुमारे सहाशे विमानं आणि सोळाशेहून अधिक माणसं गेली. जपानी लढाऊ विमानांचा धोका होताच. पण त्याहून जास्त बळी हवामान, डोंगर आणि बिघाडांनी घेतले.

खरी मेख उंचीत होती. पावसाळ्यात आसामच्या धावपट्टीवर तीस अंश तापमान असलं, तरी दर किलोमीटरला ते सहा-एक अंशांनी उतरत जातं. म्हणजे पाच किलोमीटरवर शून्य. डोंगर टाळायला विमानं नेमकी याच पट्ट्यात उडत. इथल्या ढगांत पाण्याचे थेंब शून्याखालीही द्रवरूपच असतात आणि पंखाला धडकले की क्षणात गोठतात. त्या बर्फाचं वजन असतंच, पण त्याहून घातक म्हणजे पंखाचा घाट बिघडतो. उचल घटते, हवेचा विरोध वाढतो. आणखी वर जावं, तर मालानं भरलेल्या विमानात तेवढी ताकद नाही. खाली यावं, तर ढगात दडलेला डोंगर.

इंजिनातही बर्फ धरायचा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच हे कारण. त्यामुळे बाहेर गोठणारी थंडी नसतानाही दमट हवेतली वाफ आत गोठते आणि इंजिन गुदमरतं. जड विमानाची दोनांतली एक मोटर बंद पडली, तर उंची टिकवणं कठीण. ऑगस्ट १९४३मध्ये पत्रकार एरिक सेव्हराइड ज्या सी-४६ विमानात होते, त्याचं एक इंजिन निकामी झालं आणि नागा टेकड्यांवर पॅराशूटनं उड्या टाकायची वेळ आली.

यात पश्चिमेचा जोरदार वारा धरा. चीनकडे जाताना तो पाठीशी असे, परतताना तोंडावर. वैमानिकाचा वेळेचा आणि इंधनाचा हिशेब कोलमडवून टाकायला तेवढं पुरे.

मला मात्र सगळ्यात धक्कादायक वाटतो तो कागदावरचा नियम. ६५० तास उड्डाण झालं की वैमानिकाला घरी परतता येई. साहजिकच अनेक जण चार-पाच महिन्यांत तास उरकायला बघत आणि थकलेल्या डोळ्यांनी विमान हाकत. सप्टेंबर १९४४मध्ये या हवाई वाहतुकीची सूत्रं हाती घेतलेल्या विल्यम टनर यांनी ही मर्यादा ७५० तासांवर नेली आणि किमान एक वर्ष मुक्कामाची अट घातली. वैमानिक चिडले. टनर यांनी देखभालीची शिस्तही कडक केली. वाहतूक वाढत असतानाच अपघातांचं प्रमाण उतरलं.