बोटाशिवाय टच!

टॅप, स्वाइप, पिंच... हे सगळं आपली बोटं दिवसभर करत असतात. पण अ‍ॅप तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी ते हजारदा करून बघितलेलं असतं, आणि त्या ‘कुणीतरी’ला बोटंच नसतात!

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या तुम्ही पहिलं काय करता? अर्थात, अलार्मवर बोट सरकवता. मग मेसेज, मग कॅब, मग ब्रेकफास्टची ऑर्डर. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवला, तेव्हापासून बोट हाच आपला माऊस झाला. युजर खूश, पण टेस्टरच्या डोक्याला शॉट! दर नव्या व्हर्जनला प्रत्येक बटण, प्रत्येक स्वाइप हातानं तपासायचा? तोही पन्नास वेगवेगळ्या फोनवर?

फंडा काय आहे?

फोनला तुमचं बोट दिसतच नाही. त्याला कळतात फक्त आकडे: स्पर्श कुठे झाला, तिथून कुठे सरकला आणि कधी उचलला. तेच आकडे सॉफ्टवेअरनं पुरवले की झालं काम.

अँड्रॉइडचं उदाहरण घ्या. कॉम्प्युटरला फोन जोडायचा आणि एडीबी नावाच्या टूलमधून आज्ञा द्यायची: ‘इनपुट स्वाइप ५०० १५०० ५०० ५०० ३००’. म्हणजे आडव्या ५००, उभ्या १५०० या बिंदूवर बोट टेकव, उभ्या ५०० पर्यंत वर ने, आणि हे सगळं ३०० मिलिसेकंदांत उरक. यादी सर्रकन वर पळते. ३०० च्या जागी ३००० टाका, तीच यादी गोगलगायीसारखी सरकते. आणि सुरुवात-शेवट एकाच बिंदूवर ठेवून वेळ वाढवली तर? तो झाला लाँग प्रेस! पिंचसाठी दोन खोटी बोटं एकाच वेळी चालवायची, बस्स.

गोची एकच. आकडे एका फोनच्या स्क्रीनचे असतात. दुसऱ्या फोनवर तोच बिंदू भलत्याच बटणावर पडतो. म्हणून शहाणे टेस्टर आकड्यांपेक्षा बटणाची ओळख वापरतात, किंवा स्क्रीनच्या टक्केवारीत हिशोब करतात.

‘अ‍ॅपियम’ची एन्ट्री

वेबसाइट तपासायला जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये सेलेनियम बनवलं. नावामागे सॉलिड जोक आहे. तेव्हाच्या एका बड्या स्पर्धक कंपनीचं नाव होतं मर्क्युरी, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून सेलेनियम सांगतात! पुढे २०१२ मध्ये डॅन क्युएलर यांनी लंडनच्या सेलेनियम कॉन्फरन्समध्ये आयफोनची अ‍ॅप्स तपासणारं आपलं टूल दाखवलं. त्यातूनच अ‍ॅपियम जन्मलं. फुकट, ओपन सोर्स, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालणारं. हगिन्स एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी स्क्रीनवर खरोखर टॅप करणारा छोटा रोबोही बनवला.

आपल्याकडेही हा धंदा जोरात आहे. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउजरस्टॅक हेच विकते: खरे फोन त्यांच्याकडे, तुमची स्क्रिप्ट इंटरनेटवरून.

स्क्रिप्ट पास, आजोबा नापास

इथे खरी मेख आहे. स्क्रिप्टचं बोट कधी थरथरत नाही, घामेजत नाही. बटण मुंगीएवढं असलं तरी ती बरोब्बर मध्यावर टॅप करते. रिपोर्ट हिरवागार! पण लोकलमध्ये एका हातानं कडी धरून उभी असलेली मुलगी, किंवा हात कापणारे आजोबा? त्यांचा अंगठा ‘रद्द करा’ऐवजी ‘पैसे पाठवा’वर पडला तर?

म्हणूनच बटणासाठी अ‍ॅपल किमान ४४ पॉइंट आणि गूगल ४८ डीपी आकार सुचवतं. वेबच्या सुलभतेचे २०२३ चे नियम सांगतात, की जे काम ओढून-सरकवून होतं, ते साध्या टॅपनंही व्हायला हवं. अशा गोष्टी स्क्रिप्टला आपोआप सुचत नाहीत. त्या टेस्टरला सुचाव्या लागतात. तेव्हा ‘ऑटोमेशन आलं, आता माझी नोकरी गेली’ असं टेन्शन घेणाऱ्यांनो, तुमची खरी किंमत इथे आहे.

त्याच दारानं चोर

ज्यांना बोटं चालवता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही खोटी बोटं वरदान आहेत. आयफोनमध्ये २०१३ पासून एका स्विचवर फोन चालवता येतो, २०१९ पासून नुसत्या आवाजावर. अँड्रॉइडनं २०१६ मध्ये मदतनीस अ‍ॅप्सना स्वतः स्वाइप करायची परवानगी दिली. पण अशीच परवानगी फसवी अ‍ॅप्सही मागतात, आणि मिळाली की तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या वतीनं टॅप करत सुटतात. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅप्सवर याबाबत बंधनं आली खरी, तरी शेवटचं ‘ओके’ दाबणारं बोट आपलंच असतं ना!

हे लक्षात ठेवा

- लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका.
- सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जा. अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिलेली दिसली तर लगेच बंद करा.
- टेस्टर असाल तर स्क्रिप्ट पास झाल्यावर फोन एकदा आई-बाबांच्या हातात द्या. जे बग निघतील, ते कुठलंच टूल काढणार नाही!