औषध माहीत, आजार नाही

नायगावहून नांदेड-लातूरला बी. फार्म.ला गेलेला मुलगा चौथ्या सत्रात नैराश्यावरची आणि मेंदूला उत्तेजना देणारी औषधं शिकतो. मात्रा, दुष्परिणाम सगळं तोंडपाठ. मग परीक्षेच्या तोंडावर मोडाफिनिल किंवा मन खचलं म्हणून एस्सिटॅलोप्राम स्वतःच घेतलं तर बिघडलं कुठं, हा समज या वर्गात सहज रुजतो. माझ्या मते सगळ्यात घातक गैरसमज हाच. अभ्यासक्रम औषध शिकवतो, निदान शिकवत नाही. १९४८च्या फार्मसी कायद्यानेही फार्मासिस्टला डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार दिला आहे, चिठ्ठी लिहिण्याचा नाही. उदासी थायरॉइडची असू शकते, रक्तक्षयाची असू शकते, किंवा बायपोलर आजाराची. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी घेतली तर उन्माद उसळू शकतो. शिवाय ज्याला तपासायचं तोच तपासणारा असला की नको ती लक्षणं नजरेआड होतात. पाठांतराचा तिथं उपयोग नसतो.

उत्तेजकांनी अभ्यास चांगला होतो, हेही तपासून पाहिलेलं आहे. २०२३ साली मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी माणसांना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्सअँफेटामाइन आणि औषध नसलेली गोळी आळीपाळीने देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. औषधाने खटाटोप वाढला, पण त्याचा दर्जा घसरला. रात्रभर जागणारा विद्यार्थी तर वाचलेलं डोक्यात पक्कं करणारी झोपही गमावतो. मोडाफिनिल हे मुळात नार्कोलेप्सीसारख्या झोपेच्या विकारांसाठीचं औषध. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहे, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवावी लागते. हे नियम विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात, हा भाग वेगळा.

नवी नैराश्यरोधकं जुन्यांपेक्षा सुरक्षित आहेत, असा आक्षेप येईल. जादा मात्रेच्या बाबतीत तो खराही आहे. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या काळात तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये हा ठळक इशारा १८ ते २४ वयोगटापर्यंत वाढवला. बी. फार्म.चा जवळजवळ अख्खा वर्ग याच वयाचा! त्या आठवड्यांत बाहेरून लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतं. दुखण्यावर सोबत ट्रॅमाडॉल घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमची भीती वेगळीच.

खरा बिनतोड आक्षेप दुसराच आहे: तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आहे कुठे? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजारांच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं, आणि गावात चर्चा होईल ही धास्ती असतेच. तरीही काउंटरवरची गोळी हा त्याला पर्याय नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. नांदेडजवळ विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ज्यांची गोळी आधीच सुरू आहे त्यांनी मात्र हे वाचून ती एकदम बंद करू नये. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते. कोणती गोळी, किती आणि कधीपासून, हे डॉक्टरला खरं सांगून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.